जिपेत वाढलेलं ताट

सेलोकर गेले ते दुपारचं जेवण करून, हात धुऊन खुर्चीत टेकल्यावर. पानाला चुना लावता लावता मान कलली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोरं दूरच्या गावी, शेजाऱ्यांची धावपळ चाललेली, आणि मी पहिला फोन लावला तो बपेऱ्याला, माझ्या थोरल्या भावाला. भास्करदादा आता फार म्हातारा झाला आहे; त्याच्याशी फोनवर ओरडूनच बोलावं लागतं. "दादा, सेलोकर गेले," एवढं मी ओरडले. पलीकडून काहीच आवाज नाही... मला वाटलं फोन कटला. "ऐकतोस ना रे?" "आयकून राहिलो," तो म्हणाला. मग विचारलं, "जेवले होते काय?" माझा नवरा समोर निजलेला, आणि हा त्याच्या जेवणाची चौकशी करतो! मी फोन आदळला. लोक म्हणतात, दुःखात माणसाला राग येतो. येत असेल, पण माझा हा राग दुःखाचा नव्हता, चांगला जुना, मुरलेला होता आणि दोघांवर सारखाच होता.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. शाळेत मास्तरीण झाल्यावर मी त्यातून आडनावाची पळवाट काढली, तेव्हापासून ते माझ्या तोंडी सेलोकरच. तर हे सेलोकर आणि माझा भास्करदादा, एकमेकांचे सख्खे मेहुणे, जवळजवळ सगळं आयुष्य एकमेकांशी समोरासमोर एक शब्द बोलले नाहीत. आणि याच दोघांनी मधली कितीतरी वर्षं सरकारी वायरलेसवर सकाळ-संध्याकाळ गप्पा मारल्या. हे ऐकून लोक हसतात. हसा बापडे, तुम्हाला काय, तुम्हाला त्या दोघांच्या मध्ये बसावं लागलं नाही. मला लागलं, आणि माझ्या आईला लागलं. आईची एकच इच्छा होती... जावयानं तिच्या घरात पाटावर बसून पोटभर जेवावं. जावयाकडून कोणत्या सासूनं याहून कमी मागितलं असेल, मला माहीत नाही.

सेलोकर पूरनियंत्रणाच्या कामावर वायरलेस मेकॅनिक होते. सत्तरच्या त्या दशकात आमच्या जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांत फोन नव्हते, आणि जिथे होते तिथली तार पावसाळ्यात सगळ्यात आधी तुटायची. म्हणून खात्यानं काठाकाठानं वायरलेस सेट बसवायला काढले. नदीतली मोजपट्टी वाचणाऱ्या माणसाच्या घरी एक, साहेबांच्या जिपेत एक, सेलोकरांच्या कामाच्या जिपेत एक आणि भंडाऱ्याच्या ऑफिसात मुख्य. हे सगळे बसवणार सेलोकर. जिपेतला सेट म्हणजे तर त्यांचा पंचप्राण. इंजिनाच्या प्लगची खरखर सेटमध्ये ऐकू येते म्हणून हा माणूस दिवसचे दिवस बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसायचा. जंगलातल्या चौक्यांकडे जाताना जीप इतकी हादरायची की सेटचे पेच आपोआप निघून यायचे, म्हणून सेटखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. आमच्या घरातल्या एकाही सायकलची ट्यूब त्यामुळे शाबूत राहिली नाही. जिपेच्या मागे एरियलची उंच छडी होती, ती पुढे वाकवून दोरीनं बंपरला बांधली की जवळचं चांगलं ऐकू येतं, हे त्यांचं ठाम मत. मासे धरायच्या गरीसारखी दिसते म्हणून पोरं तिला गरीवाली गाडी म्हणायची, आणि मी रस्त्यानं चालले की "गरीवाल्याची बाई चालली" म्हणून माझ्या मागे ओरडायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पावसाळ्यात माणूस सदा हाताशी हवा म्हणून साहेबांनी एक सेट आमच्या भंडाऱ्याच्या घरीच बसवायला सांगितला, आणि सेलोकरांना तर तेच हवं होतं. अंगणात लोखंडी पाइप उभा राहिला, पलीकडे कडुलिंब, दोहोंच्या मध्ये लांब तार. त्या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत, कडुलिंब छाटायचा नाही. बॅटऱ्या चार्जिंगला कुठे, तर स्वयंपाकघरात, कारण तिथेच प्लग. माझ्या प्रत्येक लुगड्याला ॲसिडची भोकं. आणि तो अर्थिंगचा खड्डा! कोळसा-मीठ घालून लोखंडी पत्रा पुरलेला, त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. तुळस वाळली तरी चालेल, खड्डा वाळता कामा नये. बाहेरगावी गेल्यावर नवरा वायरलेसवरून बायकोची विचारपूस करील, ही आशा मी पहिल्याच वर्षी सोडून दिली. "घर, घर, गाडी बोलते. खड्ड्यात पाणी टाकलं काय? ओव्हर."

सेट नीट चालतो की नाही हे तपासायचीही त्यांची एक तऱ्हा होती. बाकीचे मेकॅनिक "हॅलो, वन टू थ्री" म्हणत. सेलोकरांना त्याची भारी चीड. "वन टू थ्री कोणालेबी आयकू येते," ते म्हणायचे, "जे आधीच माहीत हाय ते कान आपल्या मनानं भरून घेते. माहीत नाही ते आयकू आलं पायजे." म्हणून ते समोरच्याला विचारायचे, "आज भाजी कोणती?" आसगावचा माणूस लाजत लाजत "तरोटा" म्हणाला, कोंढ्याकडच्या नवीन ऑपरेटरनं बायकोला विचारून "पोपटाच्या शेंगा" म्हटलं, आणि ते खरखरीतून नीट ऐकू आलं की सेट पास. साहेबांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता, पण त्यांच्याही जिपेतला सेट याच परीक्षेतून पास झालेला असल्यामुळे त्यांना फार बोलता येत नसे.

भास्करदादाला शेती सांभाळून नदीची पट्टी वाचायचं काम मिळालेलं होतं. म्हणजे बपेऱ्याचा सेट बसणार तो माझ्या माहेरीच. मी हरखून गेले. म्हटलं, आधी कळवा, आई काहीतरी गोडधोड करील. "सरकारी कामाले सांगून कायले जायचं?" झालं. साहेब, ड्रायव्हर, दोन मजूर आणि सेलोकर, सगळे जिपेतून बपेऱ्याला दाराशी हजर. आई नेमकी त्या दिवशी शेजारच्या गावी लग्नाला गेलेली. एवढा मोठा साहेब दारात पाहून दादाचं डोकंच ठिकाणावर राहिलं नाही. साहेबांना आतल्या खोलीत खुर्ची, कपबशीत चहा, बशीत चिवडा. सेलोकर तेव्हा छपरावर बांबू बांधत होते. ते खाली उतरले, तोवर ओट्यावर ड्रायव्हर आणि मजुरांसाठी चहाचे गिलास आलेले. त्यातलाच एक दादाच्या पोरीनं त्यांच्या पुढ्यात ठेवला. पाय धुवायला पाणी नाही, हातात टॉवेल नाही, "या जवाईबापू" नाही. सेलोकरांनी तो गिलास तसाच ठेवला, उरलेलं काम पुरं केलं आणि जिपेत जाऊन बसले.

घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "तुह्या भावाच्या घरात मी आता पाणीबी पिणार नाही." मी पुढच्याच एसटीनं बपेरा गाठलं. दादाचंही उत्तर तयार होतं. "तो मिस्त्री म्हणून आला का जवाई म्हणून, मले कसं समजन? जवाई म्हणून आला असता तं सांगून आला असता. साहेबासमोर मी त्याचे पाय धुवू काय?" आता बोला! दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते, हीच खरी पंचाईत. एकजण जरी चुकला असता तरी त्याला झापून मी प्रकरण मिटवलं असतं. रुसलेल्या जावयाला न्यायला सासरचं माणूस येतं, हात धरून पाटावर बसवतं, ही आमच्याकडची रीत आहे. पण दादा म्हणे, "मी बोलवाले गेलो तं माझंच चुकलं होतं असं होते." आणि सेलोकर म्हणत, "बोलवल्याबिगर मी जात नाही." पुढे दादानंही आमच्या घरी खाणं-पिणं सोडलं. तो माझ्या घरी खात नाही तर मी त्याच्या घरी कसा खाऊ, हा त्याचा हिशेब. भंडाऱ्याला आला की अंगणात उभ्या उभ्या मला भेटायचा आणि परत जायचा. आई दोघांचं ऐकून घ्यायची, आणि शेवटी मलाच विचारायची, "कुसमे, आता कसं करू मी?"

त्या वर्षी पावसाळा लागला आणि नदीची खबर सुरू झाली. "बपेरा, बपेरा, भंडारा बोलतो. पट्टी सांगा." दादानं आकडा सांगितला. मी पोळ्या लाटत होते. संपलं असं वाटलं, तोच सेलोकरांचा आवाज, "आज भाजी कोणती?" माझं लाटणं जागच्या जागी थांबलं. खरखरीतून दादाचा आवाज आला, "वास्ते." बांबूचे कोवळे कोंब, माझी सगळ्यात आवडती भाजी. "स्पष्ट आहे. ओव्हर." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग हळूहळू, "वास्ते कोणी आणले?" "मायनं." "मायचा गुडघा कसा हाय?" "सुजला हाय, पन आयकत नाही." हे सगळं टेस्टिंग बरं का! मी म्हटलं, "तुम्ही बोलता की त्याच्याशी!" तर म्हणे, "ते बोलणं नाही, ड्युटी हाय." आणि पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात हे दोघं पंगतीत मांडीला मांडी लावून बसले, तर दादानं मीठ मागितलं ते माझ्याकडून. मिठाची वाटी सेलोकरांच्या हाताशी होती. मी म्हटलं, "उद्या सकाळी वायरलेसवर माग," आणि पुढे गेले.

एकदा सकाळी दादा पट्टी सांगत असताना आईनंच त्याच्या हातून माईक ओढून घेतला. "जवाईबापू, सांबारवड्या केल्या मी. या न घरी जेवाले." बटण तिनं दाबूनच ठेवलेलं, त्यामुळे गाय हंबरली तेही ऐकू आलं आणि मागून दादाचं "माय, बटन सोड, बटन सोड" हेही. शेवटी तिनं सोडलं. कोथिंबिरीच्या वड्यांचं ते आमंत्रण काठाकाठाची सगळी गावं ऐकत असणार. सेलोकर माईक हातात धरून बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, अक्षरशः हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "बपेरा, निरोप मिळाला. ओव्हर." त्या दिवशी मी त्यांच्या ताटात नुसता कोरडा भात वाढला. त्यांनी तो निमूटपणे खाल्ला, तेव्हा मला आणखीच राग आला.

मग एका वर्षी पूर आला. वर मध्य प्रदेशात पाऊस थांबत नव्हता. सेलोकर जिपेत, तुमसरच्या रस्त्यावर. मी घरच्या सेटपाशी. दादा पट्टीचे आकडे सांगत होता. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि मग एकदम थांबला. पुन्हा विचारलं, तोच आकडा. तिसऱ्यांदा तोच. जिपेतून सेलोकर म्हणाले, "पट्टी पाहून सांगा." "पट्टी बुडाली," दादा म्हणाला, "शेवटचा दिसला तो सांगून राहिलो." माझा भाऊ हा असा. आकडा विचारला म्हणून आकडा सांगणार, पट्टीच बुडाली हे कोणी विचारलंच नव्हतं! सेलोकरांनी विचारलं, "भाजी कोणती?" "चूल पाण्यात हाय." आणि मग मी तो आवाज ऐकला. तसा आवाज माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "भास्करदादा, मायले खांद्यावर घे न शाळेत जा. सेट राहू दे तिथंच." बपेरा नाही, ओव्हर नाही. भास्करदादा म्हणाले.

दादानं आईला खांद्यावर घेतलं, उंचावरच्या शाळेत पोचवलं, आणि सगळे नको नको म्हणत असताना छातीभर पाण्यातून परत जाऊन सेट डोक्यावर घेऊन आला. सरकारी वस्तू, असं म्हणाला. बॅटरी मात्र घरातच राहिली होती. बॅटरीशिवाय तो डबा कशाला आणलास, हे त्याला मी पुढे विचारलं, तर तो बैलाला चारा टाकायला उठून गेला. रस्ता मोकळा झाल्यावर सेलोकर शाळेत पोचले, शेवटची वाट चिखलातून, दुसरी बॅटरी डोक्यावर घेऊन. सेट जोडला. शाळेत सगळ्यांसाठी खिचडी शिजत होती. आईनं आपल्या हातानं वाढली आणि ते जेवले. ही बातमी ऐकून मला आनंदानं रडू आलं. चला, सुटलं एकदाचं! घराची डागडुजी झाली, दिवाळी आली, मी बपेऱ्याला जायला दोघांच्या पिशव्या भरल्या. तर हे म्हणतात, "मी शाळेत जेवलो. शाळा काही तुह्यं माहेर नाही." माझ्या हातात तेव्हा लाटणं होतं. ते मी खाली ठेवलं, याचं श्रेय माझ्या आईवडलांच्या संस्कारांना आहे.

आईनं हे ऐकलं. मग म्हणाली, "बरं. मंग ते जीप कोणाची?" मी म्हटलं, सरकारी. "तं जिपेत जेवतीन." आणि तसंच सुरू झालं! सेलोकरांची जीप बपेऱ्याला गेली की घरासमोर कवठाच्या झाडाखाली उभी राहायची. आई घरातून ताट घेऊन यायची, सेलोकर सीटवर ताट मांडीवर घेऊन बसायचे, आणि ती बिचारी उन्हात उभी राहून वारा घालायची. सासरच्या दारात जावई मोटारीत बसून जेवतो, हे पाहायला अर्धं गाव जमायचं. दादा दाराच्या आत उभा. आईला भातासाठी फेऱ्या माराव्या लागतात हे त्याच्यानं पाहवेना, पण तोंड उघडायचं कसं? तर त्यानं आत जाऊन सेट लावला. पहिल्यांदा दोन्ही सेट इतके जवळ असल्यामुळे कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली, कवठावरचे पक्षी उडाले. मग दादानं दार लावून घेतलं. "गाडी, गाडी, बपेरा बोलतो. भात पाठवू काय? ओव्हर." "बपेरा, थोडा. वरणबी. ओव्हर." मधे अंगणाएवढं अंतर! हे मी भंडाऱ्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकत होते आणि ऑफिसात साहेब ऐकत होते. सेलोकरांना खुलासा मागवला गेला. त्यांनी लिहून दिलं की ही अत्यंत जवळच्या अंतरावरील चाचणी होती. साहेब स्वतः आमच्या घरी आले. "बाई, तुमच्या घरचं भांडण मिटवा हो." मी म्हटलं, "साहेब, आतल्या खोलीत खुर्चीवर बसून चहा तुम्हीच प्यायला होता." त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत.

अशी वर्षं गेली. ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं आणि आईनं अंथरूण धरलं. मी रजा काढून तिच्यापाशी होते. एक दिवस दुपारी सेलोकरांची जीप आली, कवठाखाली थांबली. मी धावत गेले. म्हटलं, "आज तरी आत या. ती आता तुमचं ताट घेऊन बाहेर येणार नाही. एक घास खा." ते काही न बोलता माझ्या मागे आत आले. सेटच्या कामासाठी त्या घरात ते नेहमीच जात, त्याला त्यांच्या शपथेची मनाई नव्हती. पण त्या दिवशी हातात पेचकस नव्हता. आईच्या बाजेपाशी बसले. ती म्हणाली, "जवाई, जेवून जा." चुलीपाशी पाट मांडलेला होता, मीच मांडला होता. सेलोकरांनी पाटाकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं. दादा भिंतीला टेकून उभा. मला दिसत होतं, एकदा तोंडानं बोलवायचं, बस, एवढंच बाकी आहे. दादालाही ते कळत होतं. पण शब्द काही बाहेर आला नाही...

मग सेलोकर उठले आणि त्यांनी आईच्या बाजेचं एक टोक धरलं. दादानं क्षणभर पाहिलं आणि दुसरं टोक धरलं. त्या दोघांनी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, ती बाज आईसकट उचलली, दारातून तिरपी करून काढली, अंगण ओलांडलं आणि जिपेला लावून ठेवली. सेलोकर आपल्या सीटवर जाऊन बसले. मी ताट आणलं. आईच्या पाठीशी उशी दिली, आणि तिनं आपल्या हातानं भात कालवून त्यांना भरवला. ते बाहेर वाकून खात होते. मग तिनं दादाला हाक मारली, "तूबी ये," आणि त्यालाही एक घास दिला. दोघांची तोंडं भरलेली, डोळे खाली. आई म्हणाली, "दोघंबी सारखेच आडमुठे हायेत. मी एकटीनं कोणाकोणाले समजावू?" थोड्याच आठवड्यांत ती गेली. गावात अजून त्या दुपारची गोष्ट सांगतात, जावयाचं सासूवर केवढं प्रेम होतं म्हणून डोळे पुसतात. होतं प्रेम, मी कुठे नाही म्हणते? पण मरणाला टेकलेल्या बाईला बाजेसकट उचलून उन्हात नेणं सोपं वाटलं आणि एक शब्द बोलणं जड गेलं, याला मी प्रेम म्हणून गप्प बसू शकत नाही. मी त्या दिवशी रडले ती संतापानं रडले.

पुढे खात्यानं तो सेट दुसरीकडे हलवला. काढायला गेले ते सेलोकरच. बांबूवरची तार उतरवली, छपराची भोकं डांबर लावून बुजवली, सेट पोत्यात गुंडाळून जिपेत ठेवला. मला वाटलं, चला, आता ड्युटी नाही, आता तरी तोंडं उघडतील. कसलं काय! बोलायची होती नव्हती ती वाट बंद झाली, एवढंच. दोन्ही घरी फोन बसल्यावर मी बपेऱ्याला बोलू लागले की सेलोकर जवळपास घुटमळत. "विचार, पाऊस हाय काय." तिकडून दादा, "सांग, धानाचे रोवणे सुरू झाले." अशी मी कैक वर्षं त्या दोघांची निरोप्या होते, आणि दोघांपैकी एकालाही माझी दया आली नाही.

सेलोकर निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांची ती जीप भंगारात निघाली. यांना अख्खी जीप घरी आणायची होती. मी सांगितलं, जीप येईल तर मी बपेऱ्याला जाऊन राहते. तेव्हा तिची पुढची सीट तेवढी आणली आणि व्हरांड्यात ठेवली. रेक्झिन फाटलेलं, स्प्रिंगा वर आलेल्या. किती वेळा म्हटलं, फेका ती. "कमरेले बरी हाय," एवढंच उत्तर.

तेरवीला दादा आला. खांदा द्यायलाही आला होता, पण तेव्हा रीतीप्रमाणे अंगणातच बसून राहिला. या वेळी सोबत डबा होता. सुनेनं बपेऱ्याच्या घरी सगळा स्वयंपाक करून दिला होता, वरणभात, वड्या, वास्त्याची भाजी. माहेरच्या घरचा नैवेद्य. आत फोटोसमोर पाट मांडलेला होता, फुलं घातलेली होती. दादानं स्वतःच्या हातानं ताट वाढलं. मी म्हटलं, असो, असं का होईना... त्या घरचं अन्न सेलोकरांसमोर पाटावर ठेवलेलं मी एकदा पाहीन. पण दादा आत वळलाच नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताट, तो व्हरांड्यात गेला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती सीट झटकली आणि ताट तिच्यावर ठेवलं. नातेवाईक म्हणू लागले, अहो, फोटोसमोर ठेवायचं असतं. माझा तोल गेला. मी ओरडले, "दादा, आता तरी! माणूस गेला. आता कोणाची शपथ पाळून राहिलास?"

"त्याची," दादा म्हणाला. "त्यानं जन्मभर पाळली, मी कोण मोडणारा? मोडता आली असती तं मायसमोर आली असती." मग त्यानं काठी भिंतीला टेकवली. सीटसमोर दोन्ही हात जोडून उभा राहिला, आणि आपल्या त्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बसा, जवाईबापू. जेवा पोटभर."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. आता? आता म्हणतोस? बायांनी मला धरून आत नेलं, पाणी दिलं, म्हणाल्या, दुःख आहे, बोलू द्या. दादा तिथेच सीटच्या पायथ्याशी जमिनीवर बसून राहिला आणि त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरचं पाणी मागून घेतलं. सीट अजून व्हरांड्यात आहे. पोरं म्हणतात, आई, आता भंगारवाल्याला देऊ. मी देऊ देत नाही आणि तिच्यावर कोणाला बसूही देत नाही. दादावरचा माझा राग हळूहळू जाईल. सेलोकरांवरचा जाणार नाही. ज्या एका शब्दासाठी सगळं आयुष्य अडून बसले, तो ऐकायला महिनाभरही थांबले नाहीत.